शेजाऱ्याच्या भिंतीवरचं बटण

नागपूरहून अमरावती रोडने निघालं की शहर पुरतं संपायच्या आत वाडी सुरू होते, आणि ती सुरू झाली हे डोळे मिटूनही कळतं. राष्ट्रीय महामार्ग ५३ इथून जातो. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून 'सहा नंबर'च आहे. जवळच आंबाझरीची आयुध निर्माणी, रस्त्याच्या कडेने ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं, गोडाऊनं, वजनकाटे, टायरची दुकानं, ढाबे, आणि या सगळ्यातून उरलेल्या जागेत लेआउटं पाडून माणसं राहतात. रात्री दोन वाजता एअरब्रेक फुत्कारतात, चढावर इंजिनं कण्हतात, गोडाऊनसमोर मागे सरकणारा एखादा ट्रक रिव्हर्स हॉर्नची एकच धून वीस-वीस वेळा वाजवतो. बाहेरच्या माणसाला वाटेल की इथल्या लोकांनी डोक्यावर परिणाम करून घ्यायचाच ठरवला तर त्याला महामार्ग पुरेसा आहे. पण वाडीत कुणाला विचारून बघा. "ट्रकचं काय जी, ते तर चालूच राहाते," असं म्हणून तो महामार्गाला एका वाक्यात माफ करतो. मग आवाज खाली आणतो, कंपाउंडच्या भिंतीकडे डोळ्यांनी खूण करतो आणि सांगतो, "पण या बाजूवाल्याची टाकी!"

ही टाकी काय चीज आहे ते जवळून बघायला हवं. स्लॅबवर ठेवलेली काळी, हजार लिटरची. उन्हाळ्यात नळाचा काही भरवसा नसतो, म्हणून बाजूवाला रात्री टिल्लू पंप लावतो आणि तो लावल्याच्या समाधानात झोपी जातो. अडीचच्या सुमारास टाकी भरते, ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी पार्किंगच्या टिनाच्या पत्र्यावर पडायला लागतं. आवाज म्हणाल तर कुजबुजीएवढा. महामार्गाच्या मानाने तो आवाजच नव्हे. पण भिंतीअलीकडचा माणूस टक्क जागा होतो. आधी वाटतं, करेल आता बंद. मग वाटतं, उठून हाक मारावी. मग आठवतं, मागच्या खेपेला हाक मारली तेव्हा "अरे हो का, लक्षातच नाही राहिलं" असं इतक्या गोड आवाजात उत्तर आलं होतं की आपणच ओशाळलो. मग मे महिन्यात वाया जाणाऱ्या बादल्यांचा हिशोब सुरू होतो. तीनला पाणी थांबतं. आता झोपायला हरकत नसते, पण खरंच थांबलं की नुसती धार बारीक झाली याची खात्री करण्यासाठी माणूस चारपर्यंत कान लावून पडून राहतो. सकाळी ऑफिसात हा माणूस विनाकारण कुणावर तरी खेकसतो, आणि ज्याच्यावर खेकसतो त्याला या टाकीची कल्पनाही नसते.

यावरून काढायचा निष्कर्ष मला सरळ दिसतो. घरातल्या माणसाचं डोकं आवाजाच्या आकाराने उठत नाही, आवाजाच्या मालकीने उठतं. ज्या आवाजाचं बटण आपल्या हाताशी आहे तो सोसवतो. ज्याचं बटण दुसऱ्याच्या भिंतीवर आहे तो कितीही बारका असला तरी पोखरतो. याचा पुरावा शोधायला नागपूरकराला प्रयोगशाळेत जायची गरज नाही, त्याच्या खिडकीतच तो चौकट ठोकून बसवलेला आहे. कूलर. पारा ४५ च्या पुढे गेला की अख्खं शहर या पत्र्याच्या पेटीपाशी डोकं ठेवून झोपतं. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी ठिबकतंय, पंप गुरगुरतोय, पंख्याचं एखादं पातं दर फेऱ्याला जाळीला घासतंय, पत्रा थरथरतोय. कायद्याने राहत्या वस्तीला रात्री जेवढा आवाज मंजूर आहे त्यापेक्षा हा नक्कीच मोठा. तरी त्यावर अंगाई म्हटल्यासारखी झोप लागते, इतकी की रात्री लाइट गेली आणि कूलर थांबला तर शांततेने जाग येते. आणि हेच यंत्र, त्याच कंपनीचं, त्याच आकाराचं, बाजूवाल्याने आपल्या बेडरूमच्या दिशेने लावलं तर? मग तो कूलर राहत नाही. ते बाजूवाल्याने आपल्याविरुद्ध रचलेलं कारस्थान असतं, आणि त्याच्या घासणाऱ्या पात्यात त्याचा स्वभाव ऐकू येतो.

ज्यांना खिडकीतला पुरावा पुरत नाही त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतलाही आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली 'अर्बन स्ट्रेस' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांनी माणसांना बसवून कामं दिली आणि मधूनच १०८ डेसिबलचा गोंगाट कानावर सोडला. गोंगाटाची पाककृती वाचण्यासारखी आहे: स्पॅनिशमध्ये बोलणारी दोन माणसं, आर्मेनियनमध्ये बोलणारा एक, शिवाय टाइपरायटर, हिशोबाचं यंत्र आणि सायक्लोस्टाइलचं यंत्र, सगळे एकदम. (आपल्याकडे एवढी यातायात लागली नसती, बारशाच्या घरी टेपरेकॉर्डर ठेवला असता.) काहींच्या हाताशी एक बटण दिलं होतं: अगदीच असह्य झालं तर दाबा, पण शक्यतो दाबू नका. जवळपास कुणीच ते दाबलं नाही. म्हणजे बटणवाल्यांनी आणि बिनबटणवाल्यांनी ऐकला तो गोंगाट सारखाच. पण नंतर शांततेत न सुटणारी कोडी आणि मुद्रितं तपासायला दिली, तेव्हा बटणवाले कोड्यांशी जास्त वेळ झटले आणि त्यांच्या हातून चुकाही कमी राहिल्या. बिनबटणवाल्यांनी लवकर हात टेकले. गोंगाट ठरावीक वेळाने न येता अवचित आला तर परिणाम आणखी वाईट. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी तर शंभराहून अधिक वर्षं आधी, १८५९ मध्ये, रुग्णसेवेवरच्या पुस्तकात लिहून ठेवलं होतं की रोग्याला मोठा आवाज क्वचितच बाधतो. त्याला बाधते ती दाराबाहेरची कुजबुज, कारण ती त्याला 'आता काय होणार' या विचाराला जुंपते. बाईंनी टिल्लू पंप पाहिला नव्हता, एरवी टाकीचं वर्णन याहून अचूक करता आलं नसतं.

आता आपला कायदा बघा. तो वाईट नाही, उलट चांगलाच आहे. फक्त त्याचा सगळा जीव डेसिबलमध्ये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. वाडीसारख्या ठिकाणी भिंतीच्या अलीकडे पाळणा हलतोय आणि पलीकडे गोडाऊनमध्ये लोखंड उतरतंय, तिथे एकाच भिंतीने रात्री ४५ व्हावं की ७० हा प्रश्न भिंतीवरच सोडून दिलेला बरा. त्यातून ही मर्यादा मोजतात सरासरीने, ठरावीक वेळेतला आवाज एकत्र धरून. रात्रीतून तीनदा धाडकन आदळलेलं लोखंडी गेट सरासरीत विरघळून जातं. झोपेत विरघळत नाही. शिवाय आवाजाच्या पातळीबद्दल तक्रार करायची तर ती मर्यादेच्या १० डेसिबल वर गेलेली असावी अशी अट आहे, म्हणजे पहिले १० डेसिबल नागरिकाने संस्कारी राहून सोसायचे. मोजायचं साधन नागपूरकरांना नवं नाही. आवाज मोजणारं मोबाइल ॲप काढणारी 'नीरी' ही संस्था याच शहरात १९५८ पासून आहे. पण टाकीच्या धारेसमोर मोबाइल धरला तर तो प्रामाणिकपणे सांगतो की इथे विशेष काही चाललेलं नाही. रात्री अडीचला, बनियनवर, गच्चीत उभं राहून ही बातमी ऐकणाऱ्या माणसाला आपणच ठार वेडे आहोत असं वाटलं तर नवल नाही. त्रास आहे आणि आकडा नाही, ही अवस्था त्रासापेक्षा वाईट.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुधा घरातूनच येतो. माणसं नाजूक झाली आहेत. पूर्वी वाड्यात एका खोलीत आठ जण झोपत, कुणी घोरे, कुणी खोके, कुणी पहाटे चारला जात्यावर बसे, तेव्हा कुणाला मानसिक ताण नव्हता. हे अर्धं खरं आहे. घोरणारा आपला होता, त्याला कोपराने ढोसता येत होतं. कोपर हेच बटण. जात्याची वेळही ठरलेली होती आणि त्यातून निघणारं पीठ ऐकणाऱ्याच्याच पोटात जाणार होतं. बाजूवाल्याचं टाइल्स कटर मशीन दुपारी एकला सुरू होतं, दीडला थांबतं, आता डुलकी काढावी म्हटलं की दोनला परत किंचाळतं, आणि त्यातून तयार होणाऱ्या चकचकीत हॉलमध्ये आपल्याला कुणी बसवणार नसतं. आक्षेपाची दुसरी बाजू म्हणजे 'सवय होते'. होते, पण जाग्या माणसाची. झोपेत कान मिटायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रात्रीच्या आवाजावर २००९ साली युरोपासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हीच बाब मांडली आहे: सवयीने जाग येणं कमी होतं, पण आवाजासरशी हृदयाचे ठोके वाढायचे ते वाढतातच. आपल्याला वाटतं, महामार्गाला आपण माफ केलं. आपल्या हृदयाने त्या माफीनाम्यावर सही केलेली नसते. तेव्हा ट्रकही निर्दोष नाहीत, हे मी मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच की ट्रक शरीर थकवतो आणि टाकी मन खाते, आणि थकलेला माणूस दुसऱ्या दिवशी झोप काढू शकतो.

दुसरा आक्षेप सणासमारंभाचा. वर्षातून एकदा नाचू द्यायचं नाही का? द्यायचं की! कायदाही देतो: राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १० ऐवजी १२ पर्यंत लाउडस्पीकरची सूट देऊ शकतं. गंमत अशी की समारंभाच्या आवाजाबाबत माझा सिद्धांत सगळ्यात स्वच्छ दिसतो. लेआउटच्या रस्त्यावर मंडप पडला, हळदीचा डीजे लागला, खिडक्यांची तावदानं थरथरू लागली. ज्या घरी पत्रिका गेली आहे त्या घरातले काकाजी खुर्ची टाकून बसलेले असतात, मठ्ठ्याचा दुसरा ग्लास हातात असतो, आणि "पोरं लय मस्त नाचून राहिले" असं कौतुक चाललेलं असतं. ज्या घरी पत्रिका गेलेली नाही तिथे त्याच मिनिटाला रक्तदाबाची गोळी शोधतात. अंतर तेच, स्पीकर तोच, गाणं तेच. मग पत्रिकेत असं काय आहे? त्यात वेळ लिहिलेली असते, म्हणजे आवाज अवचित राहत नाही. आणि तिच्यामुळे आवाज अंशतः आपला होतो. ती कागदी तटबंदी आहे. आपलं-परकं हा हिशोब सणातही सुटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, एकोणिसाव्या शतकापासून निघते आहे. गल्ल्यांतून काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे आणि सोबत बडगे नावाचे पुतळे, कुणी महागाईचा, कुणी भ्रष्टाचाराचा, कुणी रोगराईचा, आणि सगळी पीडा गावाबाहेर घेऊन जा अशी आरोळी. पुढाऱ्यांचे बडगे निघतात, परदेशांचेही निघतात. बाजूवाल्याचा बडग्या मात्र निघत नाही. बांबू धरायला माणसं कमी पडतात, आणि त्यांतलं एक त्याच्याच घरून आलेलं असतं.

यातच तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर अर्धं येऊन गेलं. लोक म्हणतात, तोंड आहे ना, जाऊन सांगा. नाही ऐकलं तर पोलीस आहेत. कागदावर बाजू भक्कम आहे. सार्वजनिक उपद्रव हा गुन्हा १८६० च्या दंड संहितेतही होता आणि आताच्या भारतीय न्याय संहितेतही आहे, आणि त्यातून कुणाची तरी सोय होते एवढ्यावरून तो माफ होत नाही असं कलमातच म्हटलं आहे. झोप हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रामलीला मैदानाच्या प्रकरणात सांगितलं. पण बाजूवाला हा काही सरकारी खात्यासारखा एकाच टेबलावर बसलेला माणूस नाही. टाकीवाला तोच जो रात्री छातीत कळ आली तर गाडी काढून मेडिकलला नेणार आहे. डीजेवाला तोच ज्याच्याकडे घराची जादा किल्ली ठेवून माणूस निर्धास्त शेगावला जातो. तेव्हा ११२ ला फोन लावताना माणूस मनात दोन्ही पारडी तोलतो आणि बहुधा फोन खाली ठेवतो. हे भित्रेपण नव्हे. हा चोख व्यवहार आहे, आणि तो रोज रात्री करावा लागणं हाच खरा ताण. कुणी धीर करून फोन केलाच तर जीप येते, आवाज उतरतो, जीप वळणावरून दिसेनाशी झाली की चढतो. फोन कुणी केला हे सगळ्या लेआउटला माहीत असतं, कारण त्या वेळी एकाच घरातला दिवा चालू होता. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, कुर्ला-चुनाभट्टीकडच्या रहिवाशांच्या याचिकेवर, पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न विचारता आणि उघड न करता कारवाई करावी असं बजावलं, ते न्यायमूर्तींना गल्ली ठाऊक असल्याचं लक्षण आहे.

तक्रारीचं व्यसन लागलं तर काय होतं, तेही बघून ठेवलेलं बरं. संगणकाची पहिली कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो चार्ल्स बॅबेज लंडनमध्ये रस्त्यावरच्या बाजेवाल्यांनी इतका पिडला की त्याने त्यांच्याविरुद्ध मोहीमच उघडली, आणि १८६४ साली तसा कायदा झालादेखील. कायदा मिळाला, शांतता मिळाली नाही. त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे की बँडवाले त्याच्या खिडकीखाली येऊन एकदा जवळजवळ सलग पाच तास वाजवत राहिले. बँडवाल्यांना त्याचं बटण सापडलं होतं. हा धोका आहेच: आपल्याला कशाचा त्रास होतो हे ज्याला सांगावं, त्याच्या हाती आपलं बटण जातं.

मग करायचं काय? आवाज संपवायच्या योजना मला पटत नाहीत. वाडीत आवाज संपला तर रोजगारही संपेल, आणि कूलर बंद करा म्हणणाऱ्याला मे महिन्यात लोक कोणत्या शब्दांत उत्तर देतील ते छापण्याजोगं नाही. मला वाटतं, आवाज राहू द्यावा आणि त्याच्या बटणाचा थोडा हिस्सा पलीकडे द्यावा. बोअर खोदायची गाडी रात्री येणार असेल तर दुपारीच सांगावं: आज रात्री आहे, पहाटेपर्यंत चालेल. आवाज तेवढाच होईल, पण ऐकणारा मावशीकडे झोपायला जाऊ शकेल, आणि गेला नाही तरी जाऊ शकलो असतो एवढ्यावर रात्र काढेल. ग्लास आणि सिंगर यांच्या बटणवाल्यांनी तरी दुसरं काय केलं? टाकीला शेदोनशे रुपयांचा फ्लोट वॉल्व्ह लागतो, आणि तो लावेपर्यंत 'वाहताना दिसली तर बिनधास्त फोन करा, अडीचला करा' असं भिंतीवरून सांगायला तेवढेही लागत नाहीत. यावर कुणी म्हणेल, हे सगळं वरवरचं, मूळ उपद्रव तर तसाच राहिला. राहिलाच. पण तो घरात घुसायच्या आधी दारावर टकटक करून आला, आणि माझ्या मते मनाला एवढा फरक पुरतो. एक मात्र अवघड जातं: हे सांगायला जाणाऱ्याला आधी आपल्या घरातून पलीकडे काय काय जातं ते आठवावं लागतं. आपला इन्व्हर्टर, आपलं गेट, आपल्या मुलाची सायलेन्सर बदललेली बुलेट. आपल्या वस्तू आपल्याला ऐकूच येत नाहीत, म्हणून यादी नेहमी बाजूवाल्याकडे तयार असते.

या युक्तिवादाला एक मोठं भोक आहे आणि ते रात्री भुंकतं. मोकाट कुत्रं पत्रिका वाटत नाही, वेळ सांगत नाही, आणि त्याचं बटण कुणाच्याच भिंतीवर नाही. म्हणून लोक त्याला खाऊ घालणाऱ्यालाच बटणाचा मालक ठरवतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, खाऊ घालायचं तर त्यांना रीतसर दत्तक घ्या, अशा अर्थाचा आदेश दिला होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि महापालिकेने खाऊ घालायच्या जागा ठरवून द्याव्यात असं सुचवलं. मार्ग शहाणपणाचा आहे. जागा ठरवायला लेआउटची बैठक भरली की फारसा वादही होत नाही. जागा हवीच, यावर एकमत होतं, आणि ती कोपऱ्यावरच्या घरासमोर असावी यावरही. कोपऱ्यावरचे त्या दिवशी नेमके लग्नाला गेलेले असतात.